ठाण्याहून साष्टी बेटाची प्रदक्षिणा, काठाकाठाने: घोडबंदर, उत्तन, मढ, वांद्रे, ठाणे खाडी

खाजणवाट (धागाकर्ता)

उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेला आली की तिचं पाणी दोन वाटांनी जातं. मोठी वाट पश्चिमेला वळून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. दुसरी, चिंचोळी वाट कळव्याच्या पुलाखालून दक्षिणेला उतरते आणि पुढे रुंदावत ठाणे खाडी होते. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला मिठी नदी आणि माहीमची खाडी. या पाण्याच्या वेढ्यात जी जमीन उरते ती साष्टी. नौपाडा, मुलुंड, भाईंदर, बोरिवली, अंधेरी, वांद्रे, सगळं हिच्यावरच वसलंय. कळव्याचा, कशेळीचा किंवा ऐरोलीचा पूल ओलांडला की आपण बेट सोडून मुख्य भूमीवर जातो.

सुट्टी आली की आपण ठाणेकर गाडी काढून कोकणात नाहीतर माळशेजला जातो. साष्टीवरून मात्र फक्त हायवेने आरपार जातो, कामासाठी. तिचा काठ बघायला कोणी निघत नाही. मी काही वर्षं सवडीने हा काठ फिरतोय, कधी गाडीने, कधी दुचाकीवर. डोंगर, खाडी, किल्ले, लेणी, चर्च, कोळीवाडे इतके जवळजवळ असलेला दुसरा प्रदेश मला महाराष्ट्रात तरी माहीत नाही. ज्यांना निघायचंय त्यांच्यासाठी वाट लिहून ठेवतो. भर घालणाऱ्यांचं स्वागत आहे.

पहिला टप्पा उत्तरेचा, घोडबंदर रोड. उजाडायच्या आत निघा. सात वाजून गेले की अवजड वाहनं आणि मेट्रोची कामं यातून वाट काढण्यातच सकाळ जाते. कासारवडवली, ओवळे मागे टाकून गायमुखला पोचलात की दोन्ही बाजू एकदम जवळ येतात: डावीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, उजवीकडे वसईची खाडी, आणि मधे जेमतेम रस्त्यापुरती जागा. आपण बेटाच्या कडेवर आहोत हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर दिसत नाही.

पुढे घोडबंदरचा किल्ला. टेकडी लहान, चढ थोडका. पोर्तुगिजांनी बांधलेला हा किल्ला १७३७च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि नंतर इंग्रजांकडे गेला. त्यांच्या अधिकाऱ्यांचा इथे मुक्काम असे. वर चर्चचे अवशेष आहेत. किल्ल्याची डागडुजी झाली आहे आणि ती करताना काही जुना पोत हरवला असं माझं मत आहे, पण वरून दिसणारी खाडी तीच आहे. पलीकडे कामणकडचे डोंगर, खाली रेतीच्या होड्या, आणि पाणी कोणत्या दिशेला वाहतंय ते पाच मिनिटं टक लावून पाहिलं की कळतं. भरती येताना खाडी उलटी, ठाण्याच्या दिशेला वाहते. पूर्वी गलबतं याच पाण्यावर कल्याणपर्यंत जात. हा नाका ज्याच्या हातात, त्याच्या हातात कल्याणचा व्यापार.

दुसरा टप्पा पश्चिमेचा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात श्रीमंत. काशिमिरा, भाईंदर पश्चिम, मग मुर्धा, राई, मोर्वा. भाईंदरच्या इमारती संपतात तिथून रस्त्याला मिठागरं लागतात. आता बरीच ओस पडलीत, पण जिथे काम चालतं तिथे माघ-फाल्गुनात थांबून बघा. उथळ वाफ्यात खाडीचं पाणी अडवलेलं असतं, उन्हाने ते आटत जातं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत दाट होतं. शेवटच्या वाफ्यात पाण्यावर पातळ साय धरल्यासारखा मिठाचा थर येतो. माणूस लांब दांड्याच्या फळीने तो अलगद ओढून बांधावर ढीग लावतो. फळी तळाला टेकवायची नाही, नाहीतर चिखल वर येतो आणि मीठ काळवंडतं. हे हाताचं काम आहे, सहज जमण्यातलं नाही.

मग डोंगरी, उत्तन, चौक ही गावं. चौकच्या टोकावर धारावीचा किल्ला होता. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही, भाईंदर-उत्तन-गोराई या पट्ट्यालाच पूर्वी धारावी बेट म्हणत. आज थोडी तटबंदी उरली आहे. पण त्या टोकावर उभं राहिलं की वसईचा किल्ला खाडीपलीकडे समोर असतो, आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईच्या आधी ही जागा घ्यायचा आग्रह का धरला ते एका नजरेत समजतं. खाडीचं तोंड इथून तोफेच्या टप्प्यात येतं. समुद्रातून वसईला कुमक पोचवायची तर याच तोंडातून. धारावी पडली मार्चमध्ये, वसई मेमध्ये. पुस्तकातला नकाशा पाहून हे मला कधी नीट उमगलं नव्हतं.

उत्तनहून दक्षिणेला गोराई. तिथला विपश्यना पॅगोडा २००९मध्ये खुला झाला. एकही खांब नसलेला दगडी घुमट, आत सुमारे ८,००० जण ध्यानाला बसू शकतात. पुढे मनोरी. मनोरीहून मार्व्याला फेरीबोट आहे, दुचाकी चढवता येते. चारचाकीवाल्यांनी मागे फिरून भाईंदर-दहिसर-मालाड असा वळसा घ्यावा आणि मढ वेगळ्या दिवशी करावं. मढच्या वाटेवर एरंगळला समुद्राला लागून १६व्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथली जत्रा असते, आणि तिला ख्रिस्ती, कोळी, हिंदू सगळे येतात. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत जाता येत नाही. आक्सा किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका. पाण्याखालून ओढ आहे, दरवर्षी जीव जातात.

तिसरा टप्पा दक्षिणेचा: वांद्र्याचा किल्ला, माहीमचा कॉजवे, मिठीकाठचा काळा किल्ला. चौथा ठाणे खाडीच्या काठाने परत घरी. हे दोन प्रतिसादांत लिहीन. मधला डोंगर, म्हणजे कान्हेरी आणि येऊर, यावर जाणकारांनी लिहावं.

कॅडबरी नाका

वाचनखूण साठवली. गायमुखावरून रोज जातो, गाडीच्या काचा वर असतात आणि डोळे पुढच्या ट्रकवर. या रविवारी थांबणार. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

उत्तन बंदर

दादा, आमच्या गावाचं एवढं मनापासून लिहिलंत, बरं वाटलं. एक गोष्ट घालतो, कारण शहरातून येणारे नेमकी तीच बघत नाहीत: पाण्याची वेळ.

आमच्याकडे लहान पोरालाही हिशोब येतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. पौर्णिमा संपली की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, त्यावरच हा हिशोब बसलाय. मोबाईलवर तक्ते मिळतात ते जास्त अचूक, पण कॅलेंडर भिंतीवर असलं की हा हिशोब कुठेही होतो.

पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाण. पाणी खूप वर येतं आणि खूप आत ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. खडक, शंख, खेकडे बघायचे असतील तर उधाणाच्या ओहोटीला या, लांबपर्यंत तळ उघडा होतो. मनोरीची फेरी घ्यायची असेल तर अगदी तळाची ओहोटी टाळा. उतार लांबतो, शेवाळ असतं, बाईक चढवताना घसरते.

आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते. १ जून ते ३१ जुलै. त्या काळात ताजं मावरं शोधत येऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर या. दिवाळीनंतर आलात तर बंदरावर बांबूंचे मांडव दिसतील, त्यावर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडीजोडीने टांगलेले असतात. बायका पहाटे टांगतात, उन्ह-वारा बघून फिरवतात. ढग आले की आमच्या घरात सगळ्यांचा जीव वर-खाली होतो, कारण सुकतीला पाणी लागलं की माल गेला. फोटो काढा, पण आधी विचारा. आणि मांडवाखालून चालू नका.

खाजणवाट (धागाकर्ता)

उत्तन बंदर, तुमचा हिशोब मी धाग्याच्या वरच्या भागात जोडायला सांगतो. ठाण्याच्या लोकांनी एवढं लक्षात ठेवावं की खाडीत आत यायला पाण्याला वेळ लागतो. उत्तनला भरती पूर्ण झाली तरी कळव्याच्या पुलाखाली पाणी अजून चढत असतं.

आता तिसरा टप्पा. वांद्र्याबद्दल फार लिहीत नाही, तिथे सगळे जातात. किल्ला १६४०चा, पोर्तुगिजांचा. तिथून माहीमच्या खाडीचं तोंड बघा आणि लगेच माहीम कॉजवेवर या. हा रस्ता १८४५मध्ये खुला झाला. त्याआधी साष्टीहून मुंबईला यायचं तर होडी, आणि पावसाळ्यात त्या उलटत. सरकार पैसे घालायला तयार नव्हतं. लेडी अवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांनी पैसे दिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. साष्टी आणि मुंबई यांच्यातलं अंतर एका बाईच्या दानाने मिटलं, हे ठाण्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

मिठीच्या काठावर, धारावीत, काळा किल्ला आहे. लहानसा, त्रिकोणी, वस्तीने वेढलेला. भिंतीवर इंग्रज गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या नावाची शिळा आहे आणि तिच्यावर साल १७३७. ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी घेतली तेच वर्ष. मिठी ही तेव्हा सरहद्द होती. अलीकडे इंग्रज, पलीकडे कालपर्यंत पोर्तुगीज आणि आता मराठे. ठाण्याचा किल्ला आणि हा किल्ला एकाच दिवशी पाहिले तर त्या वर्षाची दोन्ही टोकं हाताला लागतात. ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. बाहेरूनच बघायचा, पण तट जुनाच आहे. पोर्तुगिजांनी बांधायला घेतला आणि पुरा होण्याआधीच १७३७मध्ये मराठ्यांनी घेतला. त्यात अंजूरच्या गंगाजी नाईकांचा मोठा वाटा. अंजूर खाडीपलीकडे, भिवंडीच्या वाटेवर. पुढे १७७४मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. १८१६मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातल्या कैदेतून निसटले. १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. कोर्टनाक्यावरून जाताना क्षणभर थांबावं असं हे ठिकाण आहे.

गार्डचा डबा

रेल्वेत नोकरी झाली म्हणून एक मुद्दा. १६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्याला थांबली. ठाण्यालाच का, हा प्रश्न मला पोरं विचारायची. काठाच्या दृष्टीने बघा: ठाणे हे बेटाचं शेवटचं टोक. पुढे खाडी. सुमारे ३४ किलोमीटरचा तो मार्ग मुंबई बेटातून निघाला, शीवपाशी साष्टीवर चढला आणि साष्टी संपली तिथे थांबला. पुढच्याच वर्षी, १८५४मध्ये, खाडीवर पूल झाला आणि गाडी कल्याणला पोचली. लोकलने कळव्याला जाताना उजव्या-डाव्या दोन्ही दारांतून पाणी दिसतं. तिथेच बेट संपतं.

काळा कातळ

डोंगराबद्दल थोडं. साष्टीचा कणा म्हणजे येऊर-कान्हेरीचा डोंगर, सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतून झालेला. उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, पण समुद्रसपाटीवरून एकदम उठत असल्यामुळे तो आहे त्यापेक्षा उंच भासतो. कडे तुटलेले, ओढे खोल, पावसाळ्यात सगळीकडून पाणी कोसळतं. अंधेरीचा गिल्बर्ट हिल याच कथेतला: सुमारे ६६ दशलक्ष वर्षांपूर्वीचा काळा बसाल्ट, उभ्या बहुकोनी खांबांचा. लाव्हा हळूहळू निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे खोलवर जाऊन असे खांब तयार होतात. आता चहुबाजूंनी इमारती आहेत, वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या चढून जाता येतं. चढण्याआधी खालून पाहा, खांब तिथूनच कळतात. दगडाची आवड असेल तर पश्चिमेच्या टप्प्यात हे जोडून घ्याच.

बुलेट कळवा

सगळं एका दिवसात होईल का? पहाटे चारला निघालो आणि दोन्ही फेऱ्या घेतल्या, मनोरी-मार्वे आणि मढ-वर्सोवा, तर संध्याकाळी ठाण्यात परत येता यावं असा माझा हिशोब आहे.

उत्तन बंदर

चाकं फिरतील दादा, बघणं होणार नाही. उन्हाच्या वेळी आमच्याकडे बंदर रिकामं असतं आणि तुम्ही म्हणाल काय आहे इथे. सकाळी लिलाव असतो तेव्हा या. पावसाळ्यात फेरी चालू आहे की नाही ते विचारून निघा.

खाजणवाट (धागाकर्ता)

बुलेट कळवा, करून बघायला हरकत नाही, दुचाकीवर त्याचाही आनंद आहे. पण पहिल्यांदा जाताना पश्चिमेला पूर्ण दिवस द्या. हा प्रदेश किलोमीटरमध्ये लहान आहे आणि त्यामुळेच लोक तो घाईने उरकतात. डोंगरीतल्या एखाद्या जुन्या घरासमोर थांबून विचारलंत तर कोणी मावशी बाटलीतल्या मसाल्यात किती प्रकारचे जिन्नस पडतात ते सांगेल, तो मसाला उन्हाळ्यात कसा भाजून कुटून वर्षभरासाठी बाटल्यांत भरतात तेही सांगेल. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती, घरांतलं मराठी ऐका. त्यात असे शब्द आहेत जे आपल्या आज्यांबरोबर गेले.

लेणीवेडी, वागळे इस्टेट

कान्हेरीवर लिहिते. खूप दिवसांपासून लिहायचं होतं.

वागळे इस्टेटच्या आमच्या गच्चीवरून जो डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडच्या उतारावर कान्हेरी आहे. पक्ष्याच्या वाटेने अगदी जवळ, पण मधे राखीव जंगल. येऊरहून तिकडे जायला परवानगी नाही, बोरिवलीच्या दारातूनच जावं लागतं. ठाणे ते बोरिवली सुमारे १२ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांचं काम सुरू आहे, तोवर घोडबंदरचा वळसा. उद्यान आणि लेणी सोमवारी बंद. दारापासून लेण्यांपर्यंत आतल्या बसने जा. सायकलही भाड्याने मिळते, पण शेवटचा चढ दमवतो.

शंभराहून अधिक लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे जवळपास हजार वर्षं इथे वस्ती आणि काम चालू होतं. लोक ३ क्रमांकाचा चैत्य बघतात, ओसरीतल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि परततात. तो चैत्य सुंदरच आहे, पण मी तुम्हाला वर पाठवते. ११ क्रमांकात जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी बैठका आहेत. ३४ क्रमांकात छतावर बुद्धाचं अर्धवट राहिलेलं चित्र आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायला लागतं, मग रेषा दिसू लागतात. ४१ क्रमांकात अकरा मस्तकांचा बोधिसत्व अवलोकितेश्वर आहे, मूळ मस्तकावर दहा लहान मस्तकं रचलेली. आणि ९० क्रमांकात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरली आहेत.

पण मी जाते ती पाण्यासाठी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक पोढी, म्हणजे दगडात कोरलेलं टाकं. त्याच्या वर कातळावर बारीक पन्हळी कोरलेल्या आहेत, बोटभर खोल. त्या उतारावरचं पाणी गोळा करून टाक्यात सोडतात. एखादी पन्हळ दाराच्या वरून वळवून बाजूला नेली आहे, म्हणजे ओसरीत पागोळी पडू नये. जुलैत गेलात तर ही योजना अजून काम करताना दिसते. दान देणाऱ्यांच्या लेखांत कल्याण आणि सोपारा ही गावं वाचायला मिळतात. कोणी लेणं दिलं, कोणी पोढी दिली. कल्याणचा व्यापारी इथे आला असेल तो खाडी ओलांडून, आपल्याच काठावर उतरून.

याच डोंगराच्या कुशीत १८६०मध्ये विहार तलाव झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाने पाणी मिळालं. १८७९मध्ये तुळशी. बेटाला चारी बाजूंनी खारं पाणी, गोडं पाणी धरून ठेवणारा हा एकच डोंगर. भिक्खूंनी ते ओळखलं होतं.

दहिसर-बोरिवलीच्या बाजूला मंडपेश्वरही जोडा. सहाव्या शतकाच्या सुमाराचं शैव लेणं, आत नटराज आहे. पोर्तुगीज काळात त्याचं चर्च केलं गेलं, वर मठ बांधला. आज खाली शिव आहे आणि वर त्या मठाच्या भिंती उभ्या आहेत. एका कातळावर इतका इतिहास.

उपवनकर

धागा उत्तम आहे. एक विनंती मनापासून. येऊरच्या आतल्या वाटा, ओढे, धबधबे यांची ठिकाणं इथे लिहू नका. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, त्यात बिबटे आहेत, आणि आमच्या शेजारी वारली आणि मल्हार कोळी पाडे आहेत. शनिवारी रात्री तिथे जो आवाज आणि काचेच्या बाटल्या येतात, त्याचा त्रास आधी पाड्यावरच्या माणसाला आणि मग प्राण्याला होतो. इंटरनेटवर ठिकाण टाकलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे गर्दी.

खाजणवाट (धागाकर्ता)

पूर्ण सहमत. म्हणूनच मी काठाबद्दल लिहिलं. येऊरला जायचं तर वनखात्याच्या दारावर नोंद करून, दिवसा, वनखात्याने ठेवलेल्या वाटेवर. फुलपाखरांची आवड असेल तर ओवळ्याची ओवळेकर वाडी पुरेशी आहे. पावसाळा संपताना जा, सकाळी ऊन चढू लागलं की पंख उघडतात. संपादकांना विनंती, या धाग्यात आतल्या ओढ्यांची ठिकाणं कोणी लिहिली तर तो भाग काढावा.

आगरी घणसोली

मी खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईत. तुमचं बेट आम्हाला इथून अखंड दिसतं, मुलुंडपासून ट्रॉम्बेपर्यंत, मागे येऊरचा डोंगर. ते बघायला कधी या.

चौथ्या टप्प्याबद्दल स्पष्ट लिहितो. साष्टीच्या पूर्व काठाने रस्ता आहे, पण खाडी दिसत नाही. हायवे आणि पाणी यांच्यामधे मिठागरं आणि कांदळवन आहे, आणि ते तसंच राहावं. म्हणून हा काठ ऐरोलीच्या बाजूने बघा. तिथे वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आहे, कांदळवनातून जाणारी लाकडी वाट आहे, आणि बोटफेरी आहे. तिवर आणि चिपी या कांदळवनातल्या झाडांमधला फरक तिथे मुळांवरून शिकता येतो. तिवराची श्वासमुळं बारीक, पेन्सिलीएवढी. चिपीची जाड, सुळक्यासारखी.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. खाडीचा काही भाग २०१५मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाला, सुमारे १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा, मिळाला. उत्तनच्या दादांनी सांगितलं तेच इथेही: पाण्याची वेळ. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खाडीत पसरून चरतात, चोच उलटी धरून पाणी गाळत. भरती आली की चिखल बुडतो, मग थवेच्या थवे उठून नेरुळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर विसावतात. म्हणून त्या पाणथळ जागा बुजवू नका असं आम्ही सांगत असतो. खाडी ठेवली आणि विसाव्याची जागा घालवली तर पक्षी भरतीला जाणार कुठे? आमचे आजे याच खाजणात मिठागरावर राबले आणि बांध घालून भात पिकवलं. त्यांना या पक्ष्यांची वेळ माहीत होती.

बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात, रोज बदलतात. आधी नोंदणी करा.

कोपरीची शिक्षिका

सातवी-आठवीच्या मुलांना नेण्यासारखा यातला कोणता भाग आहे? बस असेल, एकच दिवस, आणि पुन्हा शाळेत चारपर्यंत परत यायचंय.

खाजणवाट (धागाकर्ता)

बाई, घोडबंदर किल्ला आणि धारावी किल्ला, एवढंच. सकाळी घोडबंदरवर खाडीचा प्रवाह दाखवा, मुलांना पान टाकून त्याची दिशा ओळखू द्या. मग चौकला नेऊन समोरचं वसई दाखवा आणि १७३९ची लढाई तिथे उभं राहून सांगा. निघताना सुरुवात शाळेजवळ करा: मासुंदा तलावाकाठचं पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आणि कौपीनेश्वराचं देऊळ, दोन्ही बसमधूनसुद्धा दाखवता येतात. कान्हेरीचा दिवस वेगळा ठेवा.

नातू पाचपाखाडी

आजी ८०च्या पुढची आहे, गुडघे दुखतात. तिला समुद्र आणि पक्षी दोन्ही बघायचे आहेत. चढ नको.

आगरी घणसोली

ऐरोलीला आणा. लाकडी वाट सपाट आहे, बसायला जागा आहे. बोटीत चढताना हात द्यावा लागेल, ते तिथले लोक करतात. फेब्रुवारी चांगला.

उत्तन बंदर

आणि समुद्रासाठी आमच्याकडे. गाडी थेट बंदरापर्यंत येते, आजींना खुर्ची देतो. षष्ठीला या. सहा पाऊण साडेचार, म्हणजे भरती साडेचारला, सकाळी साडेदहाला ओहोटी. आठपर्यंत पोचलात तर लिलाव आणि माल उतरवणं दोन्ही दिसेल, दहानंतर ऊन लागतं. येताना आजींसाठी टोपी आणा, बंदरावर सावली नाही.